तिरका अंगठा

वसाहतीत पत्ता सांगायला खड्डा फार उपयोगी पडायचा. "खड्ड्यापासून डावीकडे," एवढं म्हटलं की रिक्षावाला बरोबर दारात आणून सोडायचा. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक उंचवटा आहे, उंचवट्यावर घर आहे आणि त्या घरात माणसं राहतात, हे पत्त्यात कुणी सांगत नसे. न सांगताही पत्ता सापडत होता, मग उगाच कशाला तोंड दुखवायचं?

घर भट्टीवाल्याचं. भट्टी विझून कितीतरी वर्षं झाली, तरी म्हाताऱ्याला सगळे भट्टीवालाच म्हणायचे. एके काळी हा खड्डा म्हणजे त्याच्या बापाचं शेत होतं, रस्त्याच्या बरोबरीला, सपाट. मग शहरात जागा पुरेना आणि माणसं इकडे सरकू लागली. माणसांना घरं हवीत, घरांना विटा हव्यात आणि विटांना माती हवी. म्हाताऱ्याने नांगर कोपऱ्यात उभा केला आणि फावडं उचललं. शेत खाली जात राहिलं, वसाहत वर येत राहिली. गुडघाभर माती शाळेत गेली. कमरेपर्यंत उतरले तेव्हा दवाखाना आणि पोस्ट उभं राहिलं. पुरुषभर खोल गेल्यावर बाजारातली दुकानं झाली. शिडी लावून उतरावं लागायला लागलं, तेव्हा मजल्यांवर मजले चढले. वसाहतीचा इतिहास म्हाताऱ्याला असा वरून खाली पाठ होता.

घराखालची माती तेवढी राहिली. तीही राहिली नसती. सगळ्यात चिकट माती घराच्या बुडाशीच लागली होती. सिनेमाघराचं काम आलं तेव्हा म्हाताऱ्याने घराभोवती चारही बाजूंनी ती ओरबाडून काढली. शेवटी बायको दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, "आता काय चूल पण साच्यात घालणार आहात?" तेव्हा कुठे त्याचं फावडं थांबलं. थांबलं ते उंबऱ्यापासून चार पावलांवर. एक चिंचोळी वाट रस्त्याकडे जायला ठेवली होती, म्हणून निदान घराबाहेर पडता येत होतं. पुढे माती संपली, कंत्राटदाराने खड्डा घेतला आणि घर मध्ये अडकल्यासारखं उभं राहिलं.

पावसात सगळ्या वसाहतीचं पाणी खड्ड्यात यायचं आणि उंचवट्याला कडेकडेने खायचं. मागच्या पावसात मागचा कोपरा गेला. त्यावर धुण्याचा दगड होता. सून सकाळी बादली घेऊन गेली तर दगड नाही, खाली गढूळ पाण्यात बुडबुडे. मागच्या भिंतीला हात जाईल एवढा तडा पडला होता. सुनेने त्यात चिंध्या कोंबल्या आणि वरून चिखल लिंपला. यंदाचा पाऊस घर घेऊन जाणार हे सांगायला कुणा शहाण्याची गरज नव्हती.

"शाळा पाडतायत," एके संध्याकाळी भोंग्याने हातपाय धुताना सांगितलं. भोंग्या म्हणजे म्हाताऱ्याचा एकुलता एक मुलगा. कंत्राटदाराचा ट्रॅक्टर चालवायचा. रस्ता मोकळा असला तरी भोंगा वाजवल्याशिवाय त्याला राहवत नसे, म्हणून हे नाव.

म्हातारा चुलीपाशी शेकत बसला होता. "कुठली शाळा?"

"कुठली म्हणजे? जुनी. तिच्या जागी उंच सोसायटी होणार आहे. क्लबहाऊस, पोहायचा तलाव, सगळं."

"आणि राडारोडा कुठे टाकणार?"

भोंग्या तोंडावर पाणी मारत राहिला. तोंड कधीच स्वच्छ झालं होतं. "इथेच. खड्ड्यात. ट्रॅक्टरचं काम मलाच दिलंय."

सुनेने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "आपल्या दारात?"

"दार आपलं आहे, खड्डा कंत्राटदाराचा आहे. मी नाही टाकला तर दुसरा टाकेल."

"भर पडेल तसं पाणी कुठे सरकेल, कळतंय का तुला?" म्हातारा म्हणाला. "घराकडे सरकेल. एका बाजूने पाणी खातंय, दुसऱ्या बाजूने तू गाड. म्हणजे बापाला मरायला कुठे लांब जायला नको."

"बाबा, खड्डा मी खणलाय का?"

म्हातारा चुलीतली लाकडं उगाच पुढे-मागे करत बसला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं सुनेमार्फत सुरू झालं. "त्याला सांग, जेवून घे म्हणावं." "बाबांना सांग, मला भूक नाही." दोघे एकमेकांच्या समोर बसून हे बोलायचे आणि सून मध्ये बसून वाढायची.

शाळा पडायला लागली. दिवसभर धूळ. ट्रॅक्टर खड्ड्याच्या काठावर मागे यायचा, भोंगा वाजायचा, ट्रॉली उचलली जायची आणि शाळा धडधडत खाली उतरायची. खिडकीच्या चौकटी, फरशांचे तुकडे, निळ्या रंगाचे पोपडे. दुपारी मजूर जेवायला गेले की सून खाली उतरून जळणासाठी लाकडाचे तुकडे वेचायची. असंच एकदा वेचताना तिला एक वीट सापडली. गिलाव्याचा पोपडा सुटून पडला होता आणि विटेच्या लांब बाजूवर एक खळगा होता. बोटाचा. सरळ नव्हे, एका अंगाला कललेला, मध्ये उंचवट्याची बारीक रेघ असलेला.

तिने तो लगेच ओळखला. घरातल्या चुलीच्या काठावर अगदी तसाच खळगा होता. रोज सकाळी चूल पेटवताना तिचा हात त्यावर पडायचा.

भट्टीच्या काळात विटा थापायला पाच-सहा बाया असायच्या. वीट जरा आळली की उभी करून ठेवायची, तेव्हा प्रत्येक बाई तिच्या बाजूवर आपली खूण करायची. एकीच्या दोन रेघा, एकीच्या नखांचे ओरखडे, एकीचं काडीने काढलेलं भोक. भट्टीतून वीट फुटकी निघाली की कुणाला बोलायचं ते कळायला हवं ना. सासूची, म्हाताऱ्याच्या गेलेल्या बायकोची, खूण अंगठा. साच्याची कड आपटून तो एकदा मोडला होता आणि जुळला तो तिरका जुळला. म्हणून तिची खूण कुणाला चोरता यायची नाही. घरातली चूलही तिनेच घातली होती.

सुनेने वीट फडक्यात गुंडाळून वर नेली आणि सासऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

म्हाताऱ्याने ती डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. मग आपला अंगठा त्या खळग्यात घालून पाहिला. बसला नाही. त्याचा अंगठा जाड होता आणि सरळ होता.

"पहिल्या वर्षाची आहे," तो म्हणाला. "लाल आहे बघ. वरची माती. खालची पिवळी निघायची." थोड्या वेळाने म्हणाला, "इतकी वर्षं गिलाव्याखाली होती. मला वाटलं, गेली."

दुसऱ्या दिवशी सून उठून पाहते तर म्हातारा खड्ड्यात. हातात जुनी हातोडी, गुडघ्यात मान घालून बसलेला. राडारोड्यातून धड विटा ओढून काढत होता आणि एकेक ठोकून साफ करत होता. शाळेच्या विटा चुन्यात बांधलेल्या होत्या. चुना ठोकला की सुटायचा.

"बाबा, काय करताय?"

"भिंत घालतो. उंचवट्याच्या बुडापासून वरपर्यंत, आत कललेली. पाणी मातीला लागलंच नाही तर खाईल काय?"

"एकट्याने?"

"तू आहेस की."

तशी ती होतीच. सकाळचं उरकून ती खाली उतरायची. म्हातारा विटा साफ करायचा, ती वाहायची. डोक्यावर फडक्याची चुंबळ, चुंबळीवर विटा, आणि पायाखाली सरकणारा मलबा. चुन्याने बोटांची टोकं फाटली. रात्री तिखटाचा हात पातेल्यात गेला की डोळ्यांत पाणी यायचं. म्हाताऱ्याचा श्वास शिट्टी वाजवल्यासारखा वाजायचा. दर थोड्या वेळाने तो हातोडी खाली ठेवून छाती दाबून बसायचा आणि सून पाहते आहे असं दिसलं की पुन्हा हातोडी उचलायचा. मातीचा गारा तो स्वतःच पायाने तुडवायचा. त्यात मात्र त्याचे पाय एकदम तरुण माणसाचे व्हायचे. खळग्याची वीट निघाली की ती वेगळी ठेवायची, आणि भिंतीत लावताना खळगा बाहेरच्या बाजूला येईल अशी लावायची, हा त्याचा नियम होता.

काठावर माणसं उभी राहून पाहायची. खड्ड्यात दोन माणसं विटा निवडत आहेत, ही संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची फुकट करमणूक झाली. एक जण वरून म्हणाला, "आजोबा, ताजमहाल बांधताय का?" बाकीचे हसले. म्हाताऱ्याने वर न बघता सांगितलं, "तुमच्या घराची वीट आमचीच आहे. तिचं काय म्हणता?" पण त्याचा आवाज वरपर्यंत पोचला नाही.

भोंग्या ट्रॅक्टरवरून पाहायचा. भिंत कमरेइतकी आली, मग छातीइतकी आली. एकदा त्याने ट्रॉली नेहमीच्या जागी न ओतता उंचवट्याच्या जवळ आणून ओतली. त्यात धड विटा जास्त होत्या. सुनेला वाटलं, चला, बापलेकांचं जमतंय. म्हाताऱ्यालाही तसंच वाटलं असावं. त्या रात्री त्याने सुनेला मध्ये न घालता मुलाला विचारलं, "अजून किती शिल्लक आहे शाळा?"

"मागचे दोन वर्ग," भोंग्या म्हणाला.

"पुरेल," म्हातारा म्हणाला.

भिंत वर आली आणि घराला पहिल्यांदा बूड आल्यासारखं वाटलं. तड्यातल्या चिंध्या काढून सुनेने तिथे विटेचे तुकडे बसवले. खरं सांगायचं तर ती बऱ्याच वर्षांत इतकी खुश झाली नव्हती. फाटलेल्या बोटांचंही तिला काही वाटत नव्हतं.

मग मास्तर आले. निवृत्त झाले होते, पण वसाहतीतलं कुठलंही काम त्यांच्याशिवाय व्हायचं नाही. वसाहतीला पन्नास वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम करायचा ठरला होता आणि समितीचे अध्यक्ष तेच होते. बरोबर सोसायटीच्या कामावरच्या आर्किटेक्ट बाई होत्या.

"भट्टीवाले, तुमचा सत्कार करायचाय," मास्तर म्हणाले. "तुम्ही आमचे जुने रहिवासी."

"जुना कसला? मी इथेच जन्मलो."

"तेच ते. दोन शब्द बोलायची तयारी ठेवा. आणि एखादी वीट द्या बघू. प्रदर्शनात ठेवू."

म्हाताऱ्याने निवडून एक खळग्याची वीट दिली. मास्तरांनी ती पिशवीत टाकली. आर्किटेक्ट बाई तोवर भिंतीपाशी गेल्या होत्या. त्यांनी हात फिरवून पाहिला, मोबाइलवर फोटो काढले.

"किती सुंदर आहे हे. हँडमेड. असा रंग आता मिळतच नाही. आणि हे ठसे... मुद्दाम केलेत?"

"मुद्दामच," सून म्हणाली. आपल्या सासूचं कौतुक होतंय म्हणून तिने चहाही केला. बाईंनी तो उभ्यानेच प्यायला.

ते कौतुक महागात पडणार हे तिला चार दिवसांनी कळलं. म्हातारा बाहेर खाटेवर पडला होता आणि भोंग्या आत येऊन हळू आवाजात बोलायला लागला. भोंग्या हळू बोलतोय म्हटल्यावरच तिने चुलीतली लाकडं मागे ओढली.

"सोसायटीच्या गेटला जुन्या विटा लावायच्यात त्यांना. त्या बाईंनी कंत्राटदाराला फोटो दाखवले."

"मग राडारोड्यातून घ्या म्हणावं."

"राडारोड्यात काय उरलंय? धड विटा सगळ्या बाबांनी काढल्या. साफ पण केल्या." त्याने एकदा बाहेरच्या खाटेकडे पाहिलं. "गेटच्या बाजूला चौकीदाराची खोली बांधलीये. स्लॅबची, पक्की. ती आपल्याला देतोय. आणि गेटवर मला नोकरी."

"आणि विटा दिल्या तर इथे?"

"इथे काय? भिंत यंदा तगेल. पुढच्या वर्षी? त्याच्या पुढच्या वर्षी? भर घराजवळ आली की कंत्राटदार तसाही आपल्याला उठवणार. तेव्हा खोली पण नसेल."

"बाबांना सांगा ना मग."

"ऐकतील?"

ऐकणार नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

"तुला कोरड्यात झोपावंसं वाटत नाही का?" भोंग्याने विचारलं. आणि हे त्याने रागाने नाही, अगदी काकुळतीने विचारलं, तिथेच ती हरली. लग्न होऊन आल्यापासून एकही पावसाळा तिने कोरड्या अंथरुणात काढला नव्हता. पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून निघायची. छातीतला खोकला उन्हाळ्यापर्यंत जायचा नाही. स्लॅब कसा असतो, खालून तो कसा दिसतो, ते तिला एकदा पडल्या पडल्या पाहायचं होतं. एवढंच तर मागणं होतं.

बराच वेळ तिने चुलीच्या काठावरचा तो खळगा बोटाने चाचपला.

"कार्यक्रम कधी आहे?" तिने विचारलं.

भोंग्याने सांगितलं. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तिने सासऱ्याला आंघोळीला कढत पाणी दिलं. सदरा धुऊन ठेवला होता, तो घातला. दाढी करताना आरसा तिने धरला. "काय बोलू?" तो सारखा विचारत होता. "मातीचं बोलू का? कुठली माती कुठे गेली ते?" ती म्हणाली, "बोला." तिच्याने त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. चिंचोळ्या वाटेवरून जाताना त्याने एकदा थांबून, वळून भिंतीकडे पाहिलं. "वरचा थर राहिलाय, तो उद्या लावू," म्हणाला. तिने त्याचा हात धरला आणि पुढे चालवलं.

मांडवात पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे होते. या दोघांना पंख्यापासून लांब, खांबामागे जागा मिळाली. मास्तर बोलायला उभे राहिले. "पन्नास वर्षांपूर्वी इथे काय होतं? काही नव्हतं. नुसता ओसाड माळ. आपण आलो आणि शून्यातून हे सगळं उभं केलं." टाळ्या झाल्या. म्हातारा सुनेच्या कानाशी लागला. "माळ नव्हता गं. शेत होतं. चांगलं पिकायचं."

पहिल्या डॉक्टरांचा सत्कार झाला, पहिल्या दुकानदाराचा झाला, पहिली गाडी घेणाऱ्याचासुद्धा झाला. लोक उठून जायला लागले तेव्हा भट्टीवाल्याला बोलावलं. त्याच्या हातात त्याचीच वीट ठेवली. तिला सोनेरी रंग दिला होता. रंग जाड होता, खळग्यात साचून वाळला होता.

माइक त्याच्या तोंडापेक्षा उंच होता. कुणी तो खाली केला नाही, म्हणून म्हातारा टाचा उंचावून बोलला. "शाळा गुडघ्याइतकी होती. दवाखाना कमरेइतका होता. बाजार माझ्या डोक्याइतका..." लोक हसायला लागले. म्हाताऱ्याचं वय झालंय, काहीतरी बरळतोय, असं त्यांना वाटलं. मास्तरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तशी सगळ्यांनी वाजवल्या, आणि तो पुढे काय बोलला ते कुणालाच ऐकू गेलं नाही. सून खांबामागे बसून रडत होती. शेजारची बाई म्हणाली, "सासऱ्याचं कौतुक झालं की असंच भरून येतं."

परत येताना त्याने वीट उराशी धरली होती. वाटेच्या तोंडाशी ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत मजुरांनी खालून वरपर्यंत भिंतीच्या विटा रचलेल्या होत्या आणि विटांवर घरातली भांडी, अंथरुणं, खाट. उंचवट्याच्या बुडाशी गाऱ्याचे ओले पट्टे तेवढे राहिले होते. भोंग्याने मान खाली घालून सांगितलं, "बाबा, चला. खोली मिळालीये."

म्हातारा ओरडेल, हातातली वीट मारेल, असं सुनेला वाटलं. तिला ते हवंच होतं. पण तो सुनेकडे पाहत राहिला. सदऱ्याकडे पाहिलं, तिने धुतलेल्या. "म्हणून कढत पाणी दिलंस होय," एवढंच म्हणाला, आणि वाटेवरून घरात निघून गेला.

तो तिथेच राहिला. सून दोन वेळा डबा नेऊन ठेवायची. तो जेवायचा, पण तिच्यासमोर नाही. पावसाची झड लागली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरदुपारी मागची भिंत बसली. त्याआधीच तो बाहेर येऊन वाटेच्या टोकाशी डोक्यावर पोतं घेऊन उभा राहिला होता. सून धावत आली तेव्हा छप्पर पाण्यात तिरकं तरंगत होतं. मधली जमीन थोडा वेळ टिकून होती, तिच्यावर चूल होती. दोघांनी उभं राहून ती जाताना पाहिली. मग सुनेने त्याचं पोतं सारखं केलं आणि तो तिच्यामागून चालत खोलीवर आला. तिथे स्लॅब होता. कोरडं होतं. सुनेला त्या रात्री झोप लागली नाही.

गेट छान झालं. आर्किटेक्ट बाईंनी खळग्यांच्या विटा दर्शनी बाजूला, नजरेच्या उंचीवर लावून घेतल्या. पाऊस सरल्यावर माणसं राहायला आली. भोंग्याला निळा गणवेश आणि शिट्टी मिळाली. ट्रॅक्टरचा भोंगा गेला आणि शिट्टी आली, तरी नाव तेच राहिलं. म्हातारा सकाळी खोलीतून निघायचा आणि गेटच्या खांबाला टेकून बसायचा. बसल्या बसल्या त्याचा हात वर जायचा आणि एका विटेवर थांबायचा. एकदा एका बाईंनी गाडीची काच खाली करून त्याच्या पुढ्यात नाणं टाकलं. भोंग्याने ते पाहिलं. म्हाताऱ्याने नाणं उचललं नाही. संध्याकाळी झाडताना ते सुनेच्या केरात आलं.

मग सोसायटीच्या कमिटीने तक्रार केली. म्हातारा गेटवर बसतो, चांगलं दिसत नाही. आणि त्या विटाही चांगल्या दिसत नाहीत. पाहुणे विचारतात, गेट अर्धवट का राहिलंय? कुणीतरी म्हणालं, खड्डे पडलेत त्यात धूळ बसते. ठरलं की गिलावा करून पांढरा रंग द्यायचा. हे बापाला सांगायचं काम भोंग्याचं होतं.

"बाबा, उद्यापासून इथे बसू नका. कमिटीने सांगितलंय."

"बरं," म्हातारा म्हणाला.

गवंडी आला. मदतीला बाई हवी होती. सोसायटीची झाडलोट करायची तीच, म्हणून सुनेलाच लावलं. तिने सिमेंट-वाळूचा माल कालवला, घमेलं भरलं. गवंडी खांबाकडे पाहत उभा राहिला आणि खुश झाला. "बरं झालं बाई. नाहीतर गिलावा धरायला छिन्नीने खड्डे पाडत बसावं लागतं. इथे आयतेच आहेत. पाणी मार भिंतीवर, सुरू करू."

सुनेने बादली उचलली. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि वर्ष-दोन वर्षांत गिलावा पोपड्यांनी सुटतो, हे भट्टीवाल्याच्या सुनेला कुणी सांगायला नको होतं. तिने चार थेंब इकडे, चार तिकडे उडवले आणि बादली खाली ठेवली. गवंडी थापी साफ करत होता, त्याचं लक्ष नव्हतं. तेवढंच तिला करता येण्यासारखं होतं.

म्हातारा खोलीच्या दारात उभा होता. त्याने ते पाहिलं. चालत आला आणि बादलीला हात घातला.

"बाबा, असू द्या ना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सुटू दे की. पुन्हा दिसतील."

"सुटला तर म्हणतील, वीट खराब होती."

"म्हणू देत."

"तिची वीट कधी खराब नव्हती." त्याने पाण्याचा तांब्या भरला. "आणि शाळेत तरी कुठे दिसत होती? तिला सवय आहे."

मग तो खांबाजवळ गेला आणि वरपासून खालपर्यंत एकेक वीट भिजवत गेला. खळग्यात पाणी साचायचं, वीट ते पिऊन घ्यायची, मग तो पुन्हा ओतायचा. लाल रंग गडद होत गेला. गवंडी म्हणाला, "पुरे आजोबा," तरी तो थांबला नाही. शेवटची वीट भिजली तेव्हा त्याने तांब्या बादलीत ठेवला आणि बाजूला झाला.

सुनेने घमेलं पुढे केलं. गवंड्याने थापीभर माल उचलून खांबावर मारला आणि हाताने दाबला. माल पहिल्याच फटक्याला धरला.

"अजून आण," तो म्हणाला, आणि ती आणायला गेली.